लेसर बंद करूनही मोजा

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आयसोल्ड हा प्रकल्प आहे. तिथे किरणोत्सारी समस्थानिकांचे झोत तयार करताना हाताला जी वळणं लागली, ती नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहितोय.

१. चुंबकाच्या भरवशावर राहू नका. १.४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडवर आदळले की नाना मूलद्रव्यांचे अणू एकदम जन्माला येतात. चुंबक ते वस्तुमानाप्रमाणे निवडतो. पण वस्तुमानांक एकच असेल, तर दोन वेगळी मूलद्रव्यं त्याला बहुधा सारखीच वाटतात.

२. रंग नेमका हवा. प्रत्येक मूलद्रव्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या निराळ्या. दोन-तीन लेसरचे रंग त्यांच्याशी तंतोतंत जुळवले, की त्याच मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने वर चढून सुटतो आणि अणूचा विद्युतभारित आयन होतो. शेजारचा परका अणू ढिम्म! लेसर सेकंदाला दहा हजार वेळा चमकतो, कारण अणू ज्या नळीतून बाहेर पडतात, तिच्यातून निसटण्याआधी त्यांना गाठायचं असतं. तेही वीसेक मीटरवरून, जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीच्या नळीत. पहिले काही महिने आरसे सारखे करण्यातच जातात. कुरकुर करू नका.

३. खरा वैरी उष्णता. ही धातूची नळी सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापलेली असते. सोडियम, पोटॅशियम, फ्रॅन्सियम यांसारखे अणू तिच्या भिंतीला नुसते टेकले तरी लेसरविना आयन होतात आणि झोतात घुसतात. यावर तोड म्हणजे नळीच्या तोंडाशी उलटा विद्युतदाब लावायचा: भिंतीवरचे आयन मागे फिरतात, विद्युतभार नसलेले अणू पुढे येतात आणि लेसर त्यांना बाहेर गाठतो. झोत बराच रोडावतो. मला विचाराल तर तो सौदा फायद्याचाच.

४. लेसर फक्त चाळणी नाही. अ‍ॅस्टॅटीन निसर्गात जवळजवळ नाहीच. त्याची आयनीभवन ऊर्जा २०१३ मध्ये याच पद्धतीने कळली, ९.३१७५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. पाऱ्याची गोष्ट त्याहून लांबलेली. एकेक न्यूट्रॉन कमी होताना त्याचं केंद्रक आलटून पालटून गोल आणि लांबट होतं, हे आयसोल्डमध्येच १९७२ साली दिसलं होतं. तो खेळ कुठे थांबतो, हे याच लेसर पद्धतीने मोजून प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडलं.

५. लेसर झाकून पुन्हा मोजा. आयन तरीही येत राहिले, तर ते तुमचे नव्हेत. झोत शुद्ध असल्याचं कुणी सांगितलं, तर लेसर बंद असतानाचा आकडा आधी मागा.