लष्करी भांडारातील नागरी कर्मचारी

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारुगोळा भांडारात गणवेशधारी जवानांबरोबर साध्या कपड्यांतील माणसेही कामाला जातात. भांडारपाल, कारकून, मजूर, सुतार, मोटारचालक, अग्निशामक अशी त्यांची पदे. देहूरोड आणि खडकी येथील लष्करी आस्थापनांतही असा नागरी वर्ग आहे. ही माणसे सैनिक नव्हेत. परंतु त्यांचा दिवस लष्कराच्या घड्याळावर चालतो आणि नव्याने रुजू झालेल्यास ते घड्याळ अंगवळणी पडण्यास वेळ लागतो.

पहिला धडा फाटकावरच मिळतो. ओळखपत्र दाखवावयाचे, झडती द्यावयाची. दारुगोळ्याच्या हद्दीत आगपेटी, विडी-सिगारेट वा भ्रमणध्वनी नेता येत नाही. ठिणगी उडेल असे हत्यार किंवा खिळे मारलेले पादत्राणही तेथे चालत नाही. आपल्यावर अविश्वास दाखविला जातो, अशी नवख्याची प्रथम समजूत होते. परंतु झडती अधिकाऱ्यालाही चुकत नाही, हे दिसल्यावर ती निवळते. घरच्या माणसांची समजूत काढणे त्याहून अवघड. आज काय काम केले, या साध्या प्रश्नाचे उत्तर घरी देता येत नाही.

आत गेल्यावर भाषा बदलते. बोलणे बहुतांशी हिंदीत आणि वेळ चोवीस तासांच्या हिशेबाने. लष्करी अधिकारी दोनतीन वर्षांनी बदलून जातात. भांडारपाल मात्र त्याच शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षे काढतो. कोणत्या शेडमध्ये पावसाचे पाणी शिरते, कोणत्या खोक्यांच्या नोंदी पूर्वी जुळल्या नव्हत्या, हे त्यालाच ठाऊक असते. नवा अधिकारी सुज्ञ असेल तर तो त्याला आधी विचारतो. नसेल, तर हुद्द्याने लहान पण माहितीने मोठा असा हा कर्मचारी मुकाट्याने हुकूम पाळतो. या पेशातील खरी कसोटी बहुधा हीच असावी.

कायद्याच्या दृष्टीनेही त्याची जागा मधलीच आहे. संरक्षण खात्याशी निगडित पदावरील नागरी कर्मचाऱ्यास राज्यघटनेच्या कलम 311 चे संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये ठरविले. सेवानियमांप्रमाणे चौकशी होते, ती वेगळी. लष्करी प्रशिक्षण केंद्रांतील आचारी, न्हावी, शिंपी आदी नागरी कर्मचारीही कलम 33 च्या अर्थाने सशस्त्र दलांचे घटक असल्याने त्यांना संघटना स्थापन करण्याचा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने 1976 मध्ये दिला. भांडारे आणि कार्यशाळा यांतून मात्र कामगार संघटना काम करीत आल्या आहेत. नोकरी घेतेवेळी हा फरक कोणी समजावून सांगतोच असे नाही. त्या मानाने उपाहारगृह-भांडाराच्या सवलती किंवा वसाहतीतील निवासस्थान यांची माहिती सर्वांना पहिल्याच आठवड्यात होते!

धोका मात्र गणवेश पाहत नाही. 30-31 मे 2016 दरम्यानच्या रात्री पुलगावच्या भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांचे प्राण गेले. मृतांमध्ये आग विझविण्यास धावलेले भांडाराचे अग्निशामक मोठ्या संख्येने होते. त्या रात्री त्यांनी पत्करलेली जोखीम सैनिकाच्या जोखमीहून कमी नव्हती.

कायम कर्मचाऱ्यास निदान शिकण्यास अवधी मिळतो. फाटकावरची शिस्त, शेडमधील सावधगिरी, वडीलधाऱ्या सहकाऱ्याचा दटावणीचा शब्द यांतून तो घडत जातो. रोजंदारीवर येणाऱ्या मजुराला हा अवधी नसतो. नोव्हेंबर 2018 मध्ये पुलगावनजीक जुना दारुगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत असे मजूरही होते. खोके कसे उचलावे आणि कसे ठेवावे, हे भांडारातील माणूस अनेक महिन्यांच्या देखरेखीखाली शिकतो. मजुराला ते त्याच दिवशी, काम करता करताच शिकावे लागते.