भाजलेली जखम आणि केळीचे पान

घरात कोणी भाजले की एकच धावपळ उडते, आणि हाताला लागेल ते जखमेवर फासले जाते. कोणी टूथपेस्ट आणतो, कोणी शाई, कोणी हळद. प्रस्तुत लेखक बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. परंतु हा विषय प्रत्येक स्वयंपाकघराचा असल्याने वाचून समजले ते येथे मांडतो.

आपल्या त्वचेला दोन थर असतात. वरचा पातळ थर पूर्ण आणि खालच्या जाड थराचा काही भाग जळाला, तर त्या जखमेला डॉक्टर ‘पार्शल थिकनेस’ म्हणतात. फोड येतात, फोडाखाली लालसर ओले मांस दिसते आणि आग असह्य असते. ही आग एका अर्थाने चांगलेच लक्षण आहे, कारण तेथील मज्जातंतू जिवंत आहेत. पांढरट, चामड्यासारखी, टोचले तरी न दुखणारी जखम त्याहून गंभीर. लोक नेमके उलट समजतात आणि ‘दुखत नाही, म्हणजे बरे आहे’ म्हणून घरीच थांबतात.

अंशतः खोल जखमेत केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी शिल्लक राहतात. त्यांच्या कडेच्या पेशींतून नवी त्वचा उगवते. म्हणून उथळ जखम दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. त्याहून जास्त लांबली तर जाड व्रण राहण्याची, सांधा आखडण्याची भीती असते, आणि त्वचारोपणाचा विचार करावा लागतो.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. जखमेची खोली पहिल्याच दिवशी कायमची ठरत नाही. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली दाखवले की मधोमध मेलेला भाग, कडेला सुजलेला पण वाचणारा भाग आणि या दोहोंमध्ये रक्तप्रवाह मंदावलेला एक पट्टा असतो. हा मधला पट्टा पुढच्या दोन-तीन दिवसांत एकतर सावरतो, नाहीतर मरतो. शरीरात पाणी कमी पडले, जंतू शिरले की तो मरतो आणि उथळ जखम खोल होते. सगळे उपचार या पट्ट्यासाठी आहेत.

म्हणून आधी अंगठ्या, बांगड्या, सैल कपडे काढावेत आणि वाहत्या साध्या पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटे धरावा. बर्फ लावू नये, त्याने रक्तप्रवाह आणखी आटतो. उरलेले अंग पांघरुणाने उबदार ठेवावे, लहान मुलांचे विशेषतः. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे अंदाजे १ टक्का शरीर. मुलाचे १० टक्के आणि मोठ्या माणसाचे १५ टक्क्यांहून अधिक भाजले असेल तर शिरेतून सलाईन द्यावेच लागते. चेहरा, हात, पाय, गुप्तांग किंवा सांध्यावरची जखम लहान असली तरी रुग्णालयातच दाखवावी.

पुढचा प्रश्न पट्टीचा. साधा गॉज जखमेला चिकटतो. तो ओढला की चार दिवसांत उगवलेली कोवळी त्वचा त्याच्याबरोबर निघते, आणि रुग्ण पट्टी बदलण्याच्या नुसत्या विचारानेच घाबरतो. न चिकटणारी, ओलावा टिकवणारी पट्टी हवी. पॅराफिन गॉज, कोलॅजनचे पापुद्रे हे उत्तम; परंतु मोठ्या जखमेला दररोजचा खर्च गरिबाला कसा झेपावा? मुंबईच्या डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे २००३ मध्ये डॉ. माधुरी गोरे व डॉ. डी. अकोलेकर यांनी अशाच जखमांवर केळीच्या पानाची पट्टी त्या सालींशी ताडून पाहिली. जखमा दोन्हींनी सारख्याच भरल्या, पान मात्र करायला सोपे आणि स्वस्त ठरले. पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो, म्हणून ते चिकटत नाही. ज्या पानावर आपण जेवतो, त्याचा हा गुण डॉक्टरांनी ओळखला याचे कौतुक वाटते. मात्र ही पाने रुग्णालयात निर्जंतुक करून वापरली होती. परसातले पान तोडून जखमेवर लावणे, किंवा कच्चा बटाटा किसून थापणे, म्हणजे हा उपचार नव्हे.

पट्टी चालू असतानाच हाताची बोटे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून अनेकदा हलवावीत. दुखते म्हणून रुग्ण बोटे मुठीत धरून ठेवतो, आणि त्याच स्थितीत ती आखडतात.