सोळा हजार डीपीआयचा माऊस हवाच का?

प्रश्न : मुलगा गेम खेळतो, मी त्याच संगणकावर हिशेब करतो. जास्त डीपीआयचा महाग माऊस घ्यावा का? – एक वाचक, बाजारहत्नूर

उत्तर : डीपीआयसाठी जास्त पैसे मोजू नका. माऊस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो, एवढंच तो आकडा सांगतो. नेहमीचा पडदा १९२० ठिपके रुंद असतो. विंडोजचा वेग मूळ ठेवला, तर ८०० डीपीआयवर बाण साधारण सहा सेंटिमीटरच्या हालचालीत या टोकाहून त्या टोकाला जातो. १६,००० वर तेच अंतर तीन मिलिमीटरमध्ये संपतं. इतक्या वेगात नेम धरणार कसा? फोर-के पडदा घेतलात तरी १६०० पुरतं.

वेगवान गेमला चपळ माऊस लागतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी पोलिंग रेट बघा. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. १००० हर्ट्झचा दर एका मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे आणि तो स्वस्तातही मिळतो : वायरचा लॉजिटेक जी१०२ हजार हर्ट्झचाच आहे, वजन ८५ ग्रॅम. वायरलेस घ्यायचाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा घ्या; गेमसाठी ब्लूटूथ नको.

पण तासन्‌तास हिशेब करणाऱ्या मनगटाला यातला एकही आकडा जपत नाही. तिथे आकारच महत्त्वाचा. म्हणून आदिलाबादच्या किंवा किनवटच्या दुकानात तुम्ही दोघांनीही माऊस हातात धरून बघा, मगच घ्या.