पेटीची सवय आणि पियानोची पट्टी

मुलाला पियानो शिकवायचा असं घरात ठरलं की लगोलग एक तोडगा निघतो: आधी एखादा कॅसिओ घेऊ, गोडी लागली तर पुढचं पुढे बघू. कॅसिओ हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं ते मराठी घरांत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला चिकटलं आहे. तोडगा शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात पैसे वाचतात. मला त्यात एक चूक दिसते आणि ती हिशेबाची नाही. कीबोर्ड म्हणजे स्वस्तातला, छोटा पियानो, हे त्यामागचं गृहीतकच खोटं आहे. ते आपल्याला इतकं सहज पटतं, याला कारण आपली लाडकी पेटी असावी. पेटीत बोट फक्त हवेची वाट उघडतं. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच येतो, कारण त्याचा लहानमोठेपणा भात्यात असतो. शिवाय डावा हात भात्यावर अडकलेला, त्यामुळे दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी वाजवण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. पट्टी म्हणजे सूर चालू-बंद करण्याचं बटण, ही समज अशी पिढ्यान्‌पिढ्या पक्की झाली, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कुठलंही वाद्य आपण त्याच मापानं मोजतो.

पियानोचा जन्म नेमका या बटणपणाला कंटाळून झाला. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या टोकानं तार छेडली जाई आणि बोटाच्या जोरानं आवाजात फारसा फरक पडत नसे. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानं इ. स. १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडी मारण्याची युक्ती काढली. ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. वाद्याचं नावच त्याच्या गुणावरून पडलं. यातली खरी करामत अशी की तारेला लागण्याच्या क्षणभर आधी हातोडी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं कापते. म्हणजे आवाज किती मोठा, हे बोटानं तिला केवढ्या वेगानं फेकलं यावर ठरतं. भात्याचं काम इथे बोटाकडे आलं. पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं आणि हा भार तरफेचा असतो, सुरुवातीला जाणवणारा. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली स्प्रिंग असते. ती आधी सैल लागते आणि खोल जाईल तशी उलट दाबत राहते. दोन्हींवर घडणारं बोट वेगळं. एकावरची सवय दुसऱ्यावर नुसती अपुरी पडत नाही, आडवी येते.

खरेदी करताना बहुतेक जण पट्ट्या मोजतात: पियानोला ८८, कीबोर्डला ६१, म्हणजे २७ कमी. हे माप मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. मोझार्टच्या काळचे पियानो पाच सप्तकांचे, म्हणजे ६१ पट्ट्यांचेच होते. नवशिक्याला पहिलं वर्ष तेवढ्या पुरतात. त्याचं खरं नुकसान होतं ते सोयींनी. डाव्या हाताचं एक बोट ठेवलं की कीबोर्ड अख्खा वाद्यवृंद मागे उभा करतो, ताल धरतो, चूक झाकतो. सुरांची उंची बदलणारं बटण तर पोराला एकाच स्केलमध्ये बसवून ठेवतं, जिथे साधा पेटीवालाही गायकाप्रमाणे काळी एक ते पांढरी पाच असा फिरत असतो. कीबोर्डला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांचे अभ्यासक्रमच निरनिराळे आहेत, आणि मला ते योग्य वाटतं. ज्याला भावगीतं, सिनेमाची गाणी, ऑर्केस्ट्राची साथ करायची आहे, त्यानं बिनदिक्कत कीबोर्ड घ्यावा. मींडीचा आभास द्यायला त्यावर निदान सूर वाकवणारं चाक तरी असतं; पियानोवर तेही नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पोरानं दोन महिन्यांत सोडून दिलं तर? भीती खोटी नाही. पण शिक्षक ‘हळुवार वाजव’ म्हणतात आणि हातातलं वाद्य हळुवार वाजतच नाही, तर सोडून देण्याला त्याचाही हातभार लागत असणार. अगदीच हात आखडता असेल, तर बोटाच्या वेगाला दाद देणारा, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा आणि तो सहा महिन्यांपुरताच आहे हे आधीच मनाशी ठरवावं. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग खराच पियानो का नको, जुना उभा स्वस्तात मिळतो की! इथे मी जास्त सावध करीन. त्यात दोनशेहून अधिक तारा, त्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात, आणि हे सगळं लाकूड, लोकर आणि पोलाद यांच्या भरवशावर. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकतात, तारा गंजतात. वर्षातून दोनदा सुरात लावायला माणूस हवा, तो प्रत्येक गावी मिळत नाही. दोनशे किलोंचं धूड जिन्यानं चढवायचं ते वेगळंच, आणि भिंतीपलीकडचे शेजारी आहेतच. सुरात नसलेल्या अस्सल पियानोवर कान बिघडवण्यापेक्षा ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो बरा. तारांचा परस्परांत घुमणारा नाद त्यात हुबेहूब येत नाही, हे खरं. पण रात्री हेडफोन लावून रियाझ होतो, आणि बोटं तर नीट घडतात.

दुकानात विक्रेता सातशे आवाज ऐकवू लागेल, तेव्हा त्याला थांबवून सगळ्या साथी बंद करायला सांगा. मग एकच पट्टी अगदी सावकाश, तळापर्यंत दाबा. खऱ्या पियानोवर अशा वेळी काहीच वाजत नाही, कारण हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. समोरचं वाद्य तेव्हाही खणखणीत वाजलं, तर पियानोसाठी ते घेऊ नका.