कार्ट्रिजची रचना व छपाईची प्रत

परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि प्रकल्प-अहवाल यांचे दिवस आले, की सिल्वासातील झेरॉक्सच्या दुकानांत इंकजेट प्रिंटर सतत चालू असतात. मूळ कंपनीचे कार्ट्रिज महाग पडते, म्हणून पुष्कळ जण अन्य उत्पादकांचे ‘कम्पॅटिबल’ कार्ट्रिज घेतात. छपाई फिकी आली, की सर्वजण शाईला नावे ठेवतात. भौतिकशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला असे वाटते, की दोष पुष्कळदा शाईचा नसून डबीच्या रचनेचा असतो. तो कसा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

प्रथम छपाईची क्रिया ध्यानात घेऊ. 1977 साली जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एन्दो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. या निरीक्षणातून ‘बबल जेट’ पद्धत जन्मली. तीत सूक्ष्म तापक क्षणार्धात शाईची वाफ करतो व तो बुडबुडा छिद्रातून थेंब ढकलतो. ह्यूलेट-पॅकार्डनेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधून 1984 मध्ये ‘थिंकजेट’ प्रिंटर बाजारात आणला. एप्सनच्या पद्धतीत उष्णता नसते. विजेच्या दाबाने आकार बदलणारा पीझो घटक थेंब ढकलतो. थेंब 5 पिकोलिटरचा धरला, तर 1 मिलिलिटर शाईत 20 कोटी थेंब होतात!

एवढ्या वेगाने थेंब उडत असता मागून तितकीच शाई आली पाहिजे, पण यंत्र थांबले की एकही थेंब गळता कामा नये. हे साधण्यासाठी डबीत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब राखावा लागतो. बहुतेक डब्यांत स्पंज असतो. समईची वात जशी तेल धरून ठेवते, तसा तो केशाकर्षणाने शाई धरून ठेवतो. स्पंजची छिद्रे फार मोठी असली तर शाई गळते. फार बारीक असली तर ती सुटत नाही आणि डबीत शाई असूनही कागद कोरा राहतो.

दुसरी गोष्ट हवेच्या वाटेची. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण एक भोक पाडून थांबत नाही. हवेसाठी दुसरे पाडतो. कार्ट्रिजच्या झाकणावरही अशीच एक अरुंद, नागमोडी खाच असते. ती नागमोडी अशासाठी, की हवा आत जावी पण शाई लवकर सुकू नये. ही खाच नीट न उतरल्यास, किंवा तिच्यावरची पट्टी काढावयाची राहिल्यास, पहिली काही पाने स्वच्छ येतात, मग अक्षरे फिकी होतात. तासभर विश्रांती दिली की पुन्हा उमटतात. हे लक्षण दिसल्यास दोष शाईचा नव्हे, हवेचा समजावा. आमच्या गावाला प्लास्टिकचे कारखाने नवे नाहीत. डबीचा बाहेरचा आकार साच्यात उतरवणे त्यांना कठीण नाही. खरे कौशल्य या आतल्या बारकाव्यांत आहे.

तिसरी गोष्ट चिपची. पुष्कळ चिपा शाई मोजत नाहीत, उडालेल्या थेंबांचा हिशेब ठेवतात. त्यामुळे डबी रिकामी असल्याचा इशारा व प्रत्यक्ष शाई यांत फरक पडू शकतो. परकी चिप नाकारून ग्राहकाला बांधून ठेवण्यासाठीही तिचा उपयोग होतो. लेझर प्रिंटरच्या कार्ट्रिजबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क कंपनीविरुद्ध निर्णय दिला, की एकदा वस्तू विकल्यावर पेटंटच्या जोरावर तिचा पुनर्वापर अडवता येत नाही.

मग घ्यावे काय? येथे रचनेतील मुख्य भेद पाहावा. काही यंत्रांत छपाईचे शीर्ष डबीलाच जोडलेले असते. तेथे खराब शाईने नुकसान झाले, तरी ते बहुधा डबीपुरते राहते. नवी डबी घातली की शीर्षही नवे मिळते. काही यंत्रांत शीर्ष यंत्रातच कायम असते व डबी म्हणजे केवळ शाईची टाकी. तेथे अयोग्य शाईने छिद्रे बुजली, तर डबीत वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात. म्हणून पहिल्या प्रकारात स्वस्त डबी वापरून पाहण्यास हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात खात्रीचीच घ्यावी.

शाईचा प्रकारही विचारून घ्यावा. विरघळलेल्या रंगाची शाई पाण्याने फुटते. रंगद्रव्याचे कण असलेली शाई अधिक टिकते. आमच्याकडच्या धो धो पावसात अर्ज घेऊन कचेरीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद महत्त्वाचा आहे. सुटीतही आठवड्यातून एखादे पान छापावे, म्हणजे छिद्रे सुकत नाहीत.

मूळ कंपनीचे नाव ही गुणवत्तेची एकमेव खूण नव्हे आणि स्वस्त किंमत हा बचतीचा पुरावा नव्हे. डबीच्या आत काय घडते हे ज्याला ठाऊक आहे, तोच दोहोंची योग्य पारख करू शकतो.