घामालाही सवय लागावी लागते



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या मंडळ्यांतले तरुण सुट्टी काढून पाड्यांवर श्रमदानाला येतात. त्याच दिवसांत आमच्या भागातली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर राबत असतात. "ही माणसं उन्हातच वाढलेली, त्यांना काय होतंय?" असे मला नेहमी ऐकू येते. "मी रोज व्यायाम करतो, मला ऊन बाधत नाही," असे आलेले तरुणही सांगतात. हे दोन्ही समज जिवावर बेतू शकतात. म्हणून या अंकात घामाचा थोडा अभ्यास करू.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र जो घाम टपकून खाली पडतो, तो अंग थंड करत नाही. म्हणूनच भिवंडी-वसईच्या दमट हवेत पारा कमी असूनही जीव जास्त घाबरतो.

उन्हात रोज थोडे थोडे काम केले की शरीर बदलू लागते. पहिल्या चार-सहा दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कामाला छातीची धडधड कमी होते. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. सुरुवातीला सदऱ्यावर उमटणारे मिठाचे पांढरे डाग पुढे फिके होतात, ते यामुळेच. म्हणजे भरपूर घाम येणे हे अशक्तपणाचे लक्षण नव्हे. पण सरावलेल्या माणसाला पाणी कमी नाही, उलट जास्तच लागते.

नियमित व्यायामाने यातला काही लाभ मिळतो. धडधाकट माणसाला घामही लवकर सुटतो. तरी पंख्याखाली केलेला व्यायाम उन्हातल्या सरावाची जागा घेत नाही.

आणि हा सराव कायमचा नसतो. आठवडाभर उन्हातले काम सुटले की तो ओसरू लागतो, महिन्याभरात बहुतेक निघून जातो. तापातून उठलेला मजूर किंवा बाळंतपणानंतर भट्टीवर परतलेली बाई पुन्हा नवखीच असते. उचल फेडायची म्हणून मुकादम पहिल्याच दिवशी पूर्ण काम मागतो, आणि नेमका तोच दिवस सर्वांत धोक्याचा असतो.

म्हणून नवख्याला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचवा हिस्सा काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. जड काम सकाळी उरकावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहानेची वाट पाहू नये. घाम फार गेला असेल तर जलसंजीवनी द्यावी. कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर अंगाला घाम असला तरी तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर थंड पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आपल्या तरुण संघाने मे महिन्यात यायचे ठरवले असेल, तर पहिले तीन-चार दिवस हलक्या कामाचे धरूनच बेत आखावा. आणि आपल्यापैकी कोणाच्या घराचे, मंडळीच्या इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर नव्या मजुराला पहिल्या आठवड्यात कमी काम आणि पूर्ण मजुरी द्यावी. निढळाच्या घामाची किंमत आपण अशीही चुकती करू शकतो.