सर्वांत लहान नाणे बंद होते तेव्हा व्यापाऱ्याने काय करावे?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा एक सेंट पाडण्यात आला. १७९३ पासून चालत आलेले हे नाणे २३२ वर्षांनी थांबले. एवढ्या धनवान देशाने आपले सर्वांत लहान नाणे का बंद केले आणि ते बंद होताच दुकानदारांपुढे कोणता प्रश्न उभा राहिला, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण हा प्रश्न आपल्या गल्ल्यातही आहे आणि मजुरीच्या वहीतही आहे.

नाणे बंद का होते?

कारण साधे आहे. नाणे पाडण्याचा खर्च नाण्याच्या किमतीहून जास्त झाला. एक सेंटचे नाणे १९८२ पासून जस्ताचे असून त्यावर तांब्याचा फक्त पातळ मुलामा असे. तरीही २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. त्या वर्षी सुमारे ३२० कोटी नाणी पाडली गेली आणि त्यात सरकारला साडेआठ कोटी डॉलरचा तोटा झाला. शिवाय ही नाणी बाजारात फिरत नव्हती. दुकानदार सुटे म्हणून देई, गिऱ्हाईक घरी नेऊन बरणीत टाकी, आणि टांकसाळीला पुन्हा नवी पाडावी लागत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाडणे थांबले म्हणजे नाणे रद्द झाले, असे नाही. लोकांजवळचा सेंट कायदेशीर चलन म्हणून कायम ठेवण्यात आला. आपल्याकडे २०११ मध्ये झाले ते याहून वेगळे होते. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत. ती बदलून घेण्यासाठी ठरावीक बँक शाखांत आदल्या दिवसापर्यंतच मुदत होती. म्हणून 'नाणे बंद' अशी बातमी ऐकली की पहिला प्रश्न हा विचारावा : पाडणे बंद झाले की चलनच बंद झाले? हे न कळल्यामुळे अफवेवर विश्वास ठेवून चांगली नाणी नाकारणारे दुकानदार आपण पाहतो. ५० पैशांचे नाणे आजही कायदेशीर आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्या नाण्यांत देता येते.

कॅनडाने नियम आधी केला

अमेरिकेच्या शेजारच्या कॅनडाने हेच काम आधी केले होते. तेथे एक सेंट पाडायला १.६ सेंट लागत होते. मार्च २०१२ च्या अंदाजपत्रकात निर्णय जाहीर झाला, ४ मे २०१२ रोजी विनिपेगच्या टांकसाळीत शेवटचे नाणे पाडले गेले आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना त्याचा पुरवठा थांबला. मधल्या नऊ महिन्यांत सरकारने दुकानदारांना हिशेबाची रीत समजावून दिली. ती अशी :

१) प्रत्येक वस्तूची किंमत गोल करायची नाही. सर्व वस्तूंची बेरीज करून, त्यात कर मिळवून, शेवटचा आकडा तेवढा गोल करायचा.

२) तो जवळच्या पाच सेंटवर न्यायचा. शेवटी १, २, ६ किंवा ७ आले तर खाली. ३, ४, ८ किंवा ९ आले तर वर.

३) हे फक्त रोख व्यवहाराला. कार्डाने किंवा चेकने पैसे देणाऱ्याकडून सेंटपर्यंत नेमकी रक्कम घ्यायची.

चार आकडे खाली जातात, चार वर जातात. म्हणजे दिवसभराच्या शेकडो पावत्यांत कोणाचे फारसे जात नाही आणि कोणाला फारसे मिळत नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी राहतात.

अमेरिकेत सेंट पाडणे थांबले तेव्हा देशभर लागू होईल असा नियम केलेला नव्हता. काही ठिकाणी बँकांतच सेंट मिळेनासे झाले आणि दुकानदाराने आपापली वाट काढली. काहींनी नेमके सुटे आणण्याची विनंती केली. काहींनी गिऱ्हाईकाच्या बाजूने खाली गोल करून तोटा स्वतः सोसला. नाणे जाण्याने नव्हे, तर नियम नसण्याने घोटाळा होतो, हा यातला धडा आहे.

'माप' फक्त तराजूचे नसते

गोल करण्याच्या रीतीत लबाडीला वाव कोठे आहे, तेही पाहू. ज्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा एकच वस्तू घेते, तेथे सर्व किमती अशा ठेवल्या की करासह शेवटी ८ किंवा ९ यावेत, तर प्रत्येक पावती वरच जाईल. नियम पाळला असे दिसेल, पण पारडे झुकलेले राहील. आपल्याकडे याचे रूप वेगळे आहे. 'सुटे नाहीत' म्हणून न विचारता गोळी हातावर ठेवली जाते. तोच दुकानदार गिऱ्हाईकाकडून गोळी परत घेऊन तिला रुपया मानतो काय? मानत नसेल, तर घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे झाले. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये अशाच दुहेरी मापाविषयी कडक ताकीद आली आहे. रक्कम रुपयाची की लाखाची, हा तेथे प्रश्नच नाही.

व्यापार परस्पर राजीखुशीने व्हावा, ही इस्लामची शिकवण आहे. म्हणून गोल करण्यात दोष नाही. न सांगता, एकाच बाजूने गोल करण्यात दोष आहे. प्रेषितांनी (स.) तोलणाऱ्याला झुकते माप देण्यास सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. शंका असेल तेथे गिऱ्हाईकाच्या बाजूने खाली यावे, हा मार्ग त्यातून सहज मिळतो.

कारागिराचे नुकसान कोठे होते?

दुकानात जाणारा पैसा लहान असतो. मजुरीच्या दरात जाणारा पैसा मोठा होतो. यंत्रमागावर मजुरी पिकावर ठरते आणि पिकाचा दर पैशांत असतो. समजा, एका कापडाला ५२ पिक आहेत आणि दर पिकाला ५ पैसे. मीटरमागे २ रुपये ६० पैसे झाले. आता कोणी म्हणेल, 'दहा पैसे आता कोठे चालतात? अडीच रुपये धरा.' एका मीटरवर हे क्षुल्लक वाटते. पण हजार मीटरला २,६०० ऐवजी २,५०० रुपयेच हाती येतात. बेरीज आधी केली असती, तर गोल करायला काही उरलेच नसते! नगावर शिवणारा शिंपी, भरतकाम करणारा कारागीर, हजारी दराने विडी वळणारी बहीण, सर्वांना हीच गोष्ट लागू आहे.

दहा पैशांचे नाणे गेले, दहा पैसे गेलेले नाहीत. जुन्या काळी रुपयाच्या १९२ पै होत. पै हे नाणे आज कोणी पाहिलेले नाही, तरी 'पै न् पैचा हिशेब' आपण म्हणतोच. नाणे ही हातात देण्याची वस्तू आहे. पैसा हे हिशेबाचे माप आहे. वस्तू बंद झाली म्हणून माप आखूड होत नाही.

आपण एवढे करावे

१) दर गोल करू नये, बेरीज गोल करावी. पावतीवर मूळ रक्कम आणि गोल केलेली रक्कम, दोन्ही लिहाव्यात.

२) गोल करण्याची रीत दुकानात फलकावर लावावी आणि ती ओळखीच्या-अनोळखी सर्वांना सारखी ठेवावी.

३) छापील किमतीपेक्षा जास्त घेणे कायद्याने मना आहे. तेथे वर गोल करण्याचा प्रश्नच येत नाही.

४) मोबाईलवरून किंवा कार्डाने पैसे आले तर नेमकी रक्कम घ्यावी. तेथे सुट्यांची अडचण नसते, म्हणून सबबही नसते.

५) सुट्यांऐवजी वस्तू द्यायची तर आधी विचारावे. गिऱ्हाईक नाही म्हणाले तर रक्कम त्याच्या नावावर वहीत मांडावी.

६) मजुरीचा करार पैशांसह लिहून घ्यावा. कारागिराने आठवड्याची बेरीज स्वतः करून पाहावी.

वस्तू महागत जातील तशी आणखी नाणी बाजारातून जातील. आज आठ आणे कोणी सहजी घेत नाही, उद्या रुपयाचीही तीच गत होईल. त्या दिवसाची वाट न पाहता आपल्या बाजारपेठेतील दुकानदारांनी एकत्र बसून एकच रीत ठरवावी. गिऱ्हाईकाला दुकानावर विश्वास असला, की एका रुपयासाठी तो दुसरे दुकान शोधत नाही. आणि तो रुपया त्याचा असेल, तर तो आपल्या गल्ल्यात राहून बरकत देत नाही.